दूरच्या बैठकीचा शीण



२०२१ च्या वसंतात आम्हांला एका व्याख्यानमालेचे निमंत्रण होते. मंडप नव्हता, सतरंज्या नव्हत्या, अध्यक्षांचे प्रास्ताविक लांबले म्हणून घड्याळाकडे पाहणारे चिटणीसही नव्हते. घरातली खुर्ची, टेबलावर संगणक, आणि त्याच्या पडद्यावर पाढ्यांच्या तक्त्यासारखी मांडलेली माणसांची तोंडे, एवढाच सारा सरंजाम. आम्ही सव्वा तास बोललो. एरवी दीड तास उभ्याने बोलून, वाटेत दोघातिघांशी वाद घालून, पायी घरी येणारे आणि भूक लागली म्हणणारे आम्ही. त्या दिवशी मात्र खुर्चीतून उठलो ते थेट अंथरुणावर जाऊन पडलो. साथीचे दिवस असल्याने घरच्यांनी ताप पाहिला. ताप नव्हता.

बसल्या जागी, पंख्याखाली, एक पाऊलही न चालता माणसाला एवढा शीण कशाचा यावा? त्या वर्षी हा प्रश्न जगभर कोट्यवधी लोकांना पडला होता. कारकुनांना पडला, शिक्षकांना पडला, न्यायालयांत पडला आणि लग्नाच्या बोलणीतही पडला. दूरदृश्य बैठक हा शब्द तोवर सरकारी परिपत्रकात राहत असे, तो एकदम माजघरात आला. झूम नावाच्या एका अमेरिकन कंपनीच्या बैठकांत २०१९ च्या डिसेंबरात दिवसाला सुमारे १ कोटी हजेऱ्या लागत. २०२० च्या एप्रिलात त्या ३० कोटींवर गेल्या. चार महिन्यांत तीस पट. एवढ्या वेगाने माणसाची बोलण्याची रीत पूर्वी कधी बदलल्याचे आम्हांला तरी आठवत नाही.

या शिणाला आज एक औषध सांगितले जाते. पडद्यावरचे चित्र सपाट आहे म्हणून माणूस शिणतो. त्याला चित्राच्या आत नेऊन बसवा, भोवताली सभागृह उभे करा, समोरचा माणूस खोलीसकट दिसू द्या, म्हणजे शीण जाईल. या औषधाचा गुण किती आणि अवगुण किती, हे पाहण्यासाठी आपल्याला थोडे मागे जावे लागेल. किती मागे, तर जवळजवळ दीडशे वर्षे.

लंडनच्या ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाने १८७९ सालासाठी काढलेला वार्षिक अंक १८७८ च्या डिसेंबरात निघाला. त्यात जॉर्ज द्यू मोरिए या चित्रकाराचे एक व्यंगचित्र होते. बेलचा टेलिफोन त्या वेळी तीन वर्षांचाही झाला नव्हता, आणि एडिसनच्या नावावर कोणतीही अद्भुत गोष्ट खपत होती. चित्रात लंडनमधले एक सुखवस्तू जोडपे आपल्या घरात शेकोटीसमोर बसले आहे. शेकोटीच्या वर, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक लांबरुंद पडदा आहे आणि त्यात सिलोनमधली दुपार दिसते आहे. हिरवळीवर तरुण मंडळी खेळत आहेत आणि पुढच्या बाजूला या जोडप्याची मुलगी नळी कानाशी धरून उभी आहे. वडील तिला हळूच विचारतात की तुझ्या भावाच्या बाजूने खेळणारी ती सुंदर मुलगी कोण? खेळ संपला की ओळख करून देते, असे ती सांगते.

हे चित्र विनोदासाठी काढलेले आहे, परंतु त्यातली एक बाब आम्हांला फार शहाणपणाची वाटते. मुले समुद्रापार गेलेली आणि आईबाप रात्री दिव्यापाशी त्यांची वाट पाहत बसलेले, हे दृश्य आज आपल्या गावातल्या कोणत्या आळीत नाही? पण त्या चित्रातले आईबाप मुलीच्या तोंडाकडे टक लावून बसलेले नाहीत. त्यांच्यापुढे एक सबंध जागा उघडलेली आहे. जवळची माणसे जवळ दिसतात, लांबची लांब. मुलगी बोलता बोलता मागे वळू शकते, बापाला तिच्या खांद्यावरून पलीकडे पाहता येते, आणि बोलणे त्या पलीकडच्या गोष्टीवरून सुरू होते. द्यू मोरिए काही विजेचा शास्त्रज्ञ नव्हता. पण घरात बोलणी कशी चालतात याची त्याला जाण होती.

शास्त्रज्ञ या प्रश्नाकडे दुसऱ्या टोकाने आले. त्यांच्यापुढे तार होती, आणि तारेतून काय जाईल याची चिंता होती. १९२७ च्या ७ एप्रिलला अमेरिकेत बेल कंपनीच्या प्रयोगशाळेने वॉशिंग्टनमध्ये बसलेले त्या वेळचे व्यापारमंत्री हर्बर्ट हूवर यांचे बोलते चित्र न्यूयॉर्कमधल्या मंडळींना दाखविले. अवघ्या पन्नास रेघांचे ते चित्र होते, आणि तेही एकाच बाजूने. हूवरसाहेबांना पलीकडचे कोणी दिसत नव्हते. १९३६ मध्ये जर्मन टपाल खात्याने बर्लिन आणि लायप्झिग या शहरांच्या दरम्यान दोन्ही बाजूंनी दिसणारी सार्वजनिक सोय सुरू केली. युद्धात ती बंद पडली. नंतरचा मोठा डाव पुन्हा बेल कंपनीचाच. १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात तिने ‘पिक्चरफोन’ मांडला, त्याच वर्षी न्यूयॉर्क, वॉशिंग्टन आणि शिकागो येथे त्याच्या खोल्या उघडल्या, आणि तीन मिनिटांना १६ ते २७ डॉलर असा दर ठेवला. त्या काळच्या अमेरिकेतही हा दर ऐकून माणसे पत्र लिहिणेच पसंत करीत असणार! १९७० च्या ३० जूनला पिट्सबर्ग शहरात तो महिना १६० डॉलर भाड्याने कचेऱ्यांत बसविण्यास आरंभ झाला. काही वर्षांतच तो धंदा बुडाला.

तो बुडाला याचे कारण सर्वजण दर हेच सांगतात, आणि ते खरेच आहे. शिवाय ज्याला दाखवायचे त्याच्याकडेही तेच यंत्र हवे, ही दुसरी अडचण. पण पिक्चरफोनचा पडदा केवढा होता ते पाहा: साडेपाच इंच रुंद, पाच इंच उंच. एका चित्रासाठी शेकडो साध्या संभाषणांची वाट अडत असल्यामुळे अभियंत्यांनी काटकसर केली, आणि ती करताना ठरविले की संभाषण म्हणजे चेहरा. खांद्यांपर्यंतचा माणूस पुरे. हात नकोत, खोली नको, शेजारी कोण बसले आहे ते नको. तारेच्या गरिबीत हा निर्णय समजण्यासारखा होता. तार श्रीमंत झाल्यावरही तो तसाच चालू राहिला, ही आमच्या मते या इतिहासातली खरी चूक. २०२० साली आपल्या पुढ्यात जी चौकट आली ती पिक्चरफोनचीच नात होय. एका बाबतीत तर आजी अधिक समंजस होती. पिक्चरफोनवर आपले स्वतःचे रूप पाहायचे असेल तर त्यासाठी वेगळे बटण दाबावे लागे. नातीने आपले रूप आपल्यासमोर कायमचे टांगून ठेवले.

आता शिणाकडे वळू. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात जेरेमी बेलन्सन नावाचे प्राध्यापक आहेत. त्यांची प्रयोगशाळा आभासी वास्तवाच्या अभ्यासासाठीच २००३ मध्ये निघाली, म्हणजे या गृहस्थांचा यंत्राला विरोध आहे असे कोणी म्हणणार नाही. २०२१ च्या फेब्रुवारीत त्यांनी एक निबंध प्रसिद्ध करून या थकव्याची चार कारणे मांडली. अतिजवळून आणि सतत होणारी नजरानजर. खुणा देण्याघेण्याचे वाढलेले श्रम. स्वतःच्या चेहऱ्याचे अखंड दर्शन. आणि एका जागी खिळून बसणे.

पहिले कारण नीट समजून घेण्याजोगे आहे. एडवर्ड हॉल या मानववंशशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात माणसामाणसांतील अंतराचे हिशेब दिले आहेत. त्याने पाहिलेल्या अमेरिकन समाजात दीड फुटाच्या आतले अंतर हे फक्त अगदी निकटच्यांचे, किंवा मग भांडणाऱ्यांचे. त्याच्या वर्षभर आधी, १९६५ मध्ये, मायकेल अर्गाइल आणि जॅनेट डीन या दोघांनी इंग्लंडात असे दाखविले होते की माणसे फार जवळ आली की आपोआप नजर कमी भिडवतात. अंतराने वाढलेली जवळीक नजर चुकवून भरून काढतात. याला प्रयोगशाळेची काय गरज, असे मुंबईचा कोणीही चाकरमानी म्हणेल. सकाळच्या लोकलमध्ये माणसाचे नाक दुसऱ्याच्या नाकापासून वीतभर असते, आणि दोघेही पंख्याकडे पाहत असतात! दूरदृश्य बैठकीत याच्या नेमके उलटे होते. चेहरा वीतभर अंतरावर असावा तेवढा मोठा, आणि पंख्याकडे पाहण्याची मात्र सोय नाही. पाहिले तर लक्ष नाही असा समज होतो. शिवाय सभेत एरवी बोलणाऱ्याकडे सगळे पाहतात, येथे ऐकणाऱ्याकडेही सगळे पाहत आहेत असे भासते.

गंमत अशी की ही एवढी नजर खरी नजरही नसते. कॅमेरा पडद्याच्या माथ्यावर आणि आपले डोळे समोरच्याच्या डोळ्यांवर, म्हणून प्रत्येक जण दुसऱ्याला किंचित खाली पाहताना दिसतो. मिल्टन चेन या संशोधकाने २००२ मध्ये दाखविले होते की खालच्या बाजूला नजर थोडी ढळली तर पाहणारा ती खपवून घेतो, पण वर किंवा बाजूला तेवढीच ढळली तर लगेच ओळखतो. म्हणून कॅमेरा वर बसविलेला बरा. पण खपवून घेणे वेगळे आणि डोळ्याला डोळा भिडणे वेगळे.

स्वतःच्या दर्शनाबद्दल काय सांगावे? न्हाव्याच्या खुर्चीत वीस मिनिटे आरशासमोर बसले तरी आपल्याला आपले कान मोठे वाटू लागतात. मग दिवसाचे सहा तास तसे काढणाऱ्याचे काय होत असेल! बेलन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १०,५९१ जणांना विचारून पाहिले, तेव्हा अतिशय थकवा येतो असे सांगणाऱ्या स्त्रिया दर सातांत एक निघाल्या आणि पुरुष दर विसांत एक. स्वतःचे रूप सतत समोर असणे हे या तफावतीचे मुख्य कारण त्यांना आढळले; स्त्रियांच्या बैठका अधिक लांब चालतात आणि मधला विसावा कमी असतो, हेही. ज्या बाईला घरातूनच कचेरीचे काम करायचे आहे, आपल्या मागच्या भिंतीवर काय दिसते याची काळजी आहे, आणि बैठक संपताच कुकर लावायचा आहे, तिला हे आकडे वाचून नवल वाटणार नाही. व्यवस्थापकांना वाटले पाहिजे.

आणखी एक कारण, जे आम्हांला फार महत्त्वाचे वाटते, ते उशिराचे. २००९ मध्ये निरनिराळ्या दहा भाषांची संभाषणे तपासून असे दिसले की एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होईपर्यंत सामान्यतः सेकंदाचा पाचवा हिस्सा, किंवा त्याहूनही कमी, वेळ जातो. एवढ्या बारीक सुताने बांधलेले काम हे. जाळ्यातून जाताना आवाजाला उशीर झाला की ते सूत तुटते. दोघे एकदम बोलतात, दोघे एकदम थांबतात. २०१४ मध्ये जर्मनीत झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की अशा वेळी माणूस तारेला दोष देत नाही. पलीकडचाच कमी लक्ष देतो आहे असे त्याला वाटते. दोष यंत्राचा आणि गैरसमज माणसाविषयी! कित्येक घरांतील जावई-सासऱ्यांचे संबंध या पाव-अर्ध्या सेकंदाने बिघडले असतील.

येथवर रोग. आता औषध.

माणसाला चित्राने चहूबाजूंनी वेढून टाकावे ही कल्पना काही आजची नव्हे. रॉबर्ट बार्कर या चित्रकाराने १७८७ मध्ये तिचे पेटंट घेतले आणि १७९३ मध्ये लंडनच्या लेस्टर चौकात एक गोल इमारत बांधून तिच्या आतल्या भिंतीवर सलग देखावे लावले. पुढे १८३८ मध्ये चार्ल्स व्हीट्स्टन याने रॉयल सोसायटीपुढे दाखवून दिले की दोन डोळ्यांना किंचित वेगवेगळी दोन चित्रे दाखविली तर मनात एकच, खोली असलेले चित्र उभे राहते. आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी ‘व्ह्यू-मास्टर’ डोळ्यांना लावून ताजमहाल पाहिला असेल; तो व्हीट्स्टनचाच वंशज. या दोहोंना यंत्रगणकाची जोड दिली आयव्हन सदरलंड याने १९६८ मध्ये. त्याने डोक्यावर चढवायचा असा पडदा केला की मान वळली की चित्रही वळे. ते यंत्र छताला जोडून ठेवावे लागे, म्हणून गमतीने त्याला डॅमोक्लिसची तलवार म्हणत.

या साधनांचा बैठकीशी संबंध जोडणाऱ्यांत आम्हांला सर्वांत हुशार वाटतात ती टोरांटोची मंडळी. १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत बिल बक्स्टन, अॅबिगेल सेलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘हायड्रा’ नावाची योजना केली. चौघांची बैठक असेल तर तुमच्या टेबलाभोवती तीन लहान डबे ठेवायचे. प्रत्येक डब्यात एकाचा चेहरा, त्याचाच कॅमेरा, त्याचाच आवाज. तुम्ही डावीकडच्या डब्याकडे वळलात की उजवीकडच्याला तुमची पाठ दिसे. काहीच वेढलेले नाही, डोक्यावर काही चढविलेले नाही. फक्त प्रत्येक माणसाला त्याची जागा परत दिली. कोण कोणाशी बोलतो आहे हे कळण्यासाठी मेंदूला करावी लागणारी उठाठेव एवढ्याने वाचू शकते.

पैसेवाल्यांनी मात्र भव्यतेचा रस्ता धरला. २००५ च्या अखेरीस हेवलेट-पॅकर्ड कंपनीने ‘हेलो’ नावाच्या खोल्या काढल्या. पडद्यावरची माणसे खऱ्या मापाची, दोन्हीकडचा उजेड सारखा, टेबल असे मांडलेले की अर्धे येथे आणि अर्धे तेथे वाटावे. एका खोलीला पाच लाख डॉलरांहून अधिक खर्च. दुसऱ्या वर्षी सिस्को कंपनीने त्याच धर्तीचे यंत्र आणले. या खोल्यांत बसणाऱ्यांचे समाधान होई, पण एवढ्या पैशांत आपल्याकडे एखादे तालुक्याचे ग्रंथालय उभे राहिले असते.

मग साथ आली. २०२० च्या जुलैत मायक्रोसॉफ्टने एक साधी युक्ती केली: चौकटी पुसून सर्वांची चित्रे एका काल्पनिक सभागृहाच्या खुर्च्यांवर बसविली. या कामात जॅरन लॅनिअर होते, आणि हे लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण ‘आभासी वास्तव’ हा शब्दप्रयोग रूढ करण्याचे बरेचसे श्रेय ज्यांना दिले जाते ते हेच. १९९७ ते २००० या काळात त्यांच्याच पुढाकाराने तीन अमेरिकन ठिकाणे जोडून दूरची माणसे खोलीसकट दाखविण्याचा प्रयोगही झाला होता. एवढे करून बसलेल्या माणसाने डोक्यावरचे यंत्र बाजूला ठेवून सपाट पडद्यावरच खुर्च्या मांडाव्यात, यात काही अनुभव असला पाहिजे.

डोक्यावरचे यंत्र वापरून पाहणाऱ्यांचा अनुभव फार गोड नाही. जर्मनीतील कोबुर्ग येथील संशोधकांनी २०२२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. सोळा जणांनी पूर्ण आठवडा, रोज आठ तास, हे चष्मे घालून आपले नेहमीचे काम केले. आणखी दोघांनी पहिल्याच दिवशी सोडून दिले. नेहमीच्या टेबलावर काम करण्याच्या तुलनेत त्यांना कामाचे ओझे ३५ टक्के अधिक वाटले, वैताग ४२ टक्के अधिक. अर्धा किलो वजन कपाळावर आहेच. पण खरे दुखणे डोळ्यांत आहे. बोट नाकाजवळ आणून पाहा: दोन्ही डोळे आत वळतात आणि त्याच वेळी भिंगे जवळचे पाहण्यासाठी आकार बदलतात. लहानपणापासून या दोन क्रिया जोडीने चालतात. या चष्म्यांत चित्राचे अंतर बदलते तसे डोळे वळतात, परंतु प्रकाश मात्र एकाच ठरावीक अंतरावरून आल्यासारखा येतो, जोडी फुटते. व्हीट्स्टनच्या पेटीतही ही फूट होती, पण ती पेटी माणूस पाच मिनिटांत खाली ठेवीत असे. बेलन्सन स्वतः आपल्या पुस्तकात एका बैठकीला वीस मिनिटांची मर्यादा सांगतात. ज्या औषधाचा वैद्यच वीस मिनिटांनी थांबा म्हणतो, ते सहा तासांच्या रोगावर कसे चालावे? २०१५ मध्ये सुरू झालेले ‘ऑल्टस्पेस’ हे आभासी भेटीगाठींचे स्थळ, मायक्रोसॉफ्टसारख्या धनाढ्य कंपनीने विकत घेऊनही, २०२३ च्या मार्चमध्ये बंद झाले.

मधला मार्ग गूगलने २०२१ च्या मे महिन्यात दाखविला. खुर्चीसमोर ६५ इंचांचा पडदा; तो दोन डोळ्यांना वेगवेगळे चित्र देतो, त्यामुळे चष्मा लागत नाही; आजूबाजूचे कॅमेरे तुमची मान टिपतात आणि पलीकडचा माणूस खऱ्या मापाने, खऱ्या अंतरावर बसलेला दिसतो. आवाजही त्याच्या तोंडाच्या दिशेने येतो. २०२५ मध्ये हे यंत्र ‘बीम’ या नावाने सुमारे २५ हजार डॉलरांना बाजारात ठेवण्यात आले. पाच लाखांवरून पंचवीस हजार! द्यू मोरिएची भिंत हळूहळू खाली उतरते आहे, हे खरे. तथापि गावच्या आईबापांच्या शेकोटीपर्यंत ती अजून आलेली नाही.

त्यातल्या आवाजाच्या कलमाकडे मात्र आम्ही तुमचे लक्ष वेधू इच्छितो, कारण ते स्वस्त आहे आणि त्याची फार थोडी चर्चा होते. १९५३ मध्ये कॉलिन चेरी याने तपासले की गलबल्यात माणूस एकाचेच बोलणे कसे वेचून ऐकतो. एक बोलणे एका कानात आणि दुसरे दुसऱ्या कानात सोडले तर वेचणे अगदी सोपे. दोन्ही एकत्र मिसळून सोडली तर महाकर्मकठीण. आपल्या संगणकातून सर्वांचे आवाज बहुधा एकाच भोकातून, मिसळून येतात. २००१ मध्ये जेसिका बाल्डिस हिने दूरच्या बैठकीत प्रत्येकाचा आवाज वेगळ्या दिशेने ऐकविला, तेव्हा ऐकणाऱ्यांना कोण काय म्हणाले ते अधिक लक्षात राहिले आणि समजलेही अधिक. डोळ्यांवर चष्मे चढविण्याआधी कानांचे एवढे तरी करायला काय हरकत होती? पण चित्र विकले जाते, आवाज विकला जात नाही.

२०२३ मध्ये आमच्या ओळखीच्या एका ग्रंथालयाने परगावच्या वक्त्यांना असेच दुरून बोलाविले. प्रकृतीमुळे त्यांना प्रवास झेपत नव्हता. श्रोते मात्र सगळे एका दालनात, नेहमीच्या सतरंजीवर बसले होते. प्रोजेक्टरने वक्त्यांचे चित्र चुन्याच्या भिंतीवर टाकले आणि ते पुढेमागे करून माणसाच्या खऱ्या उंचीएवढे केले. त्यांना सांगितले की उभे राहून बोला, कॅमेऱ्यापासून आठ पावले मागे राहा. त्यांच्या पडद्यावरचे त्यांचे स्वतःचे चित्र त्यांच्या नातवाने मिटवून ठेवले. आमच्या बाजूचा ध्वनिक्षेपक मात्र एरवीच्या रीतीप्रमाणे बंद न करता, दालनाच्या मध्यभागी टांगून उघडाच ठेवला, म्हणजे आमचे खोकणे, कुजबुज आणि हसणे त्यांना ऐकू जावे. त्यांनी एक तास दहा मिनिटे भाषण केले, नंतर अर्धा तास प्रश्नोत्तरे चालली. नंतर आम्ही दूरध्वनीवर प्रकृती विचारली तेव्हा ते म्हणाले, पाय दुखताहेत, बाकी काही नाही. एका विनोदावर लोक हसले की नाही, एवढीच त्यांना शंका होती. कारण हसू त्यांच्यापर्यंत पोहोचले तेव्हा ते पुढचे वाक्य बोलू लागले होते.